आठ व्होल्ट जास्त

गुरुवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता अर्जवाल्यांच्या जेवणाच्या टेबलावर 'फट्ट' असा आवाज झाला आणि त्यांनी घरी बनवलेल्या ॲम्प्लिफायरमधली चिप फुटली. फुटली म्हणजे अक्षरशः फुटली. तिचा एक तुकडा उडून थेट भाजीच्या पातेल्यात पडला.

"कोणी हात लावला?" अर्जवाले ओरडले.

"कोणी नाही," बायको म्हणाली. "मी ओट्याशी, बाबा खुर्चीत. हात तुमचाच आहे त्याच्यावर."

"मग फुटली कशी?"

"मला काय विचारता? मी फोडली का?"

"काय झालं?" खुर्चीतून वडिलांनी विचारले.

"काही नाही!" दोघेही एकदम ओरडले. वडिलांना 'काही नाही' हेसुद्धा ओरडूनच सांगावे लागे.

अर्जवाले हे त्यांचे नाव नव्हे. पण बिल्डिंगमध्ये त्यांना खऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. तीस वर्षे त्यांनी एका गोदामाच्या वजनकाट्यावर नोकरी केली. तिथे पोत्यामागे पाव किलोची लबाडी करणारा रोज एक तरी भेटायचा, त्यामुळे रागाची सोय जागच्या जागी होत होती. निवृत्त झाल्यावर राग शिल्लक राहिला आणि माल येईनासा झाला. मग त्यांनी अर्ज लिहायला घेतले. जिन्यातला दिवा, गच्चीची टाकी, समोरच्यांचा कुत्रा, कशावरही. अर्जवाले रागावले की हातात पेन येई आणि पेन हाती आले की राग वाढे.

या ॲम्प्लिफायरवर मात्र त्यांनी कधी नव्हे तो जीव लावला होता. कारण त्यांची मुलगी. तिला रेडिओवर बातम्या वाचायची नोकरी लागली होती आणि येत्या रविवारी पाच वाजता ती पहिल्यांदा वाचणार होती. दहा मिनिटांच्या बातम्या, एकदा हवेत गेल्या की गेल्या. लहानपणापासून तिने आजोबांना रोज पेपर वाचून दाखवला होता. त्यांना ऐकू कमी येऊ लागले तसा तिने आवाज चढवला, आणखी कमी येऊ लागले तसे शब्द सुटे केले, आणि असा तो आवाज तयार झाला होता. आता घरातल्या रेडिओला कान टेकला तरी म्हाताऱ्याला खरखर तेवढी कळे. कानात घालायचे यंत्र दोनदा आणले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी ते खिडकीतून फेकले होते. मुलगी घर सोडून जाताना एवढेच म्हणाली होती, "बाबा, आजोबांना ऐकू जायला हवं हं." अर्जवाले म्हणाले होते, "जाईल म्हणजे काय? गेलंच पाहिजे!"

आणि गेलेही होते. तीन आठवडे ॲम्प्लिफायर झकास चालला होता. मग आज काय धाड भरली? अर्जवाल्यांनी मीटर लावला. तीन आठवड्यांपूर्वी जिथे पंचवीस व्होल्ट होते तिथे आता तेहतीस. चिप अठ्ठावीसच्या वर जगत नाही, असे तिच्या कागदावर स्पष्ट लिहिले होते.

"आठ व्होल्ट आले कुठून?" ते गरजले. "माझ्या घरात, मला न विचारता, आठ व्होल्ट आले कुठून?"

बायकोने पातेल्यातून चिपचा तुकडा पळीने काढला. "दुपारी लाइनमन आले होते. तुम्ही झोपला होता. बिल्डिंगला नवी जाड वायर टाकून गेले. म्हणाले, साहेबांना सांगा, अर्जाचं काम झालं."

अर्जवाल्यांनी मीटर टेबलावर ठेवला.

खाली तळमजल्यावर लाँड्री होती. तिचा विजेवरचा बॉयलर लागला की अख्ख्या बिल्डिंगचे दिवे पेंगायला लागत आणि पंखे दमल्यासारखे फिरत. घरात दोनशे चाळीसच्या जागी एकशे ऐंशी येत. चार वर्षे अर्जवाले या लाँड्रीवाल्याशी लढत होते. एकूण अकरा अर्ज. रविवारी अर्ज नाहीतर जुन्या अर्जाचे स्मरणपत्र लिहायचे आणि सोमवारी दिवसभर वीज ऑफिसात बसून ते द्यायचे, असा नेमच होता. रविवारी लाँड्री बंद, त्यामुळे दिवे लखलखीत. त्या लखलखीत दिव्याखाली बसून ते 'आमचेकडे दिवे मंद जळतात' असे लिहीत. ॲम्प्लिफायरवर या दोन दिवशी फडके असे. त्यामुळे ज्या पंचवीस व्होल्टवर त्यांनी तो बेतला होता, ते पंचवीस व्होल्ट लाँड्रीच्या कृपेचे आहेत हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

"जिंकलात की," बायको म्हणाली.

"गप्प बस!"

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते सुट्या भागांच्या दुकानासमोर उभे. दुकानदार सावकाश बोलणारा माणूस होता. शटरसुद्धा तो विचार करत करत वर करी.

"व्होल्टेज उतरवायचंय. आठ व्होल्ट."

"ट्रान्सफॉर्मर बदला. कमी व्होल्टचा घ्या."

"द्या."

"मंगळवारी येईल."

"मला रविवारी पाहिजे! मंगळवारी काय त्याची पूजा करू?"

"मग तात्पुरता रेझिस्टर लावून बघा," दुकानदाराने कागदी पुडीत दहाबारा रेझिस्टर घातले, दोन नव्या चिपा घातल्या. "व्होल्टेज अडवतो तो थोडं. पण मोजताना एक करा, ते—"

"मोजायचं मला शिकवू नका! तीस वर्षं काट्यावर काढलीत!" अर्जवाल्यांनी पुडी उचलली आणि ते निघाले. उरलेले वाक्य दुकानातच राहिले.

घरी आल्यावर त्यांनी ॲम्प्लिफायर सोडवून बाजूला ठेवला, कारण चिप जपायची होती. नुसत्या तारेत एक रेझिस्टर जोडला आणि मीटर लावला. तेहतीस. दुसरा जोडला. तेहतीस. एकामागून एक पाच जोडले. तेहतीस! दुपारच्या चहापर्यंत पुडीतले सगळे रेझिस्टर टेबलभर रांगेत उभे होते आणि मीटर तेहतीसवरून हलायला तयार नव्हता.

"फसवलं!" अर्जवाल्यांनी टेबलावर मूठ आपटली. "नुसत्या मातीच्या कांड्या विकतो हरामखोर! आजच अर्ज लिहितो!"

"आधी त्याला विचारा तरी," बायको म्हणाली. "काहीतरी सांगत होता म्हणालात ना?"

"तो काय सांगणार कपाळ!"

पण शनिवारी सकाळी गेले. दुकानात दोन गिऱ्हाइके होती, त्यांच्या देखत त्यांनी पुडी काउंटरवर उपडी केली. दुकानदाराने एक रेझिस्टर उचलला, पुसला, आणि सावकाश विचारले, "मोजताना ॲम्प्लिफायर जोडला होता का?"

"नव्हता. का जोडीन? फुटला असता!"

"तेच कालपासून सांगतोय. नुसत्या तारेत करंटच जात नाही, मग हा अडवणार काय? तुमच्या काट्यावर माल न ठेवता वजन दाखवायचा का?"

दोन्ही गिऱ्हाइके हसली. अर्जवाल्यांचे कान तापले. तीस वर्षांत काट्यावरून त्यांना कोणी बोलले नव्हते.

"एकच ठेवा. हा मोठा," दुकानदार म्हणाला. "जोडून मोजा, बरोबर उतरेल. पण लक्षात ठेवा, आवाज चालू आहे तोवर ठीक, एकदा का—"

"कळलं, कळलं! एवढं समजतं मला!"

आणि दुसरे वाक्यही दुकानातच राहिले.

शनिवारी चार वाजता दुसरी चिप बसली. रेडिओ जोडला. एक झकास गाणे लागले होते. वडील खुर्चीतून पुढे वाकले, त्यांनी मांडीवर ठेका धरला आणि म्हणाले, "तबला जरा चढा लागलाय." मीटर सव्वीस दाखवत होता. अर्जवाल्यांनी बायकोकडे असे पाहिले की जणू वीज त्यांनीच शोधून काढली.

गाणे संपले. निवेदिकेने श्वास घेतला. एक क्षण सगळे शांत. तेवढ्या शांततेत तारेतला करंट आटला, रेझिस्टरला अडवायला काही उरले नाही, मीटर बत्तीसवर गेला आणि 'फट्ट'.

अर्जवाल्यांच्या तोंडून त्यानंतर जे निघाले ते लिहिण्यासारखे नाही. रेझिस्टर, दुकानदार, लाइनमन, वीज ऑफिस आणि श्वास घेणारी ती निवेदिका, कोणालाच त्यांनी सोडले नाही. वडिलांना त्यातले काही ऐकू गेले नाही. ते स्पीकरकडे बघत वाट पाहत राहिले.

रविवारी दुकान बंद. घरात एकच चिप उरलेली. सकाळी अकराला मुलीचा फोन आला.

"बाबा, आजोबांना ऐकू येईल ना?"

"येईल!" अर्जवाले ओरडले.

"ओरडताय का?"

"ओरडत नाहीये!"

दोन वाजल्यापासून वडील इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाणी लावून बसवून, स्पीकरसमोर बसले होते. दर दहा मिनिटांनी विचारत, "झाले का पाच?" आणि दर वेळी अर्जवाले ओरडून सांगत, "नाही अजून!"

"मुळात आज ती फुटलीच असती," बायको विचार करत म्हणाली. "रविवारी लाँड्री बंदच असते. अर्ज केला नसता तरी—"

"तू माझ्या जखमेवर मीठ चोळायला बसलीयस का?"

"नाही. मी म्हणतेय, खाली जा. त्याला बॉयलर लावायला सांगा. बॉयलर लागला की व्होल्टेज उतरेल."

"मी? त्याच्या दारात? अकरा अर्ज लिहिल्यावर?"

बायकोने स्पीकरसमोरच्या खुर्चीकडे पाहिले. अर्जवाल्यांनी पायात चपला घातल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा घातल्या आणि ते जिना उतरले.

लाँड्रीवाला दुकानामागच्या खोलीतच राहायचा. आयुष्यभर वाफेच्या फुसफुसाटात काम केल्यामुळे तो साधे 'या' सुद्धा रस्ता ओलांडून जाईल असे म्हणत असे. नववा अर्ज त्याच्या या आवाजाविरुद्ध होता.

"या! बारावा आणलाय का?"

"नाही. जरा काम होतं. तुमचा बॉयलर आज तासभर—"

"थांबा!" लाँड्रीवाल्याने फळीवरून कागदांची चळत काढली. ऑफिसने त्याला प्रत्येक अर्जाची प्रत पाठवली होती. "हे बघा. 'सदर इसम समाजास घातक असून'. मी घातक? बायका-पोरांच्या चादरी धुतो मी! आणि आता कशाला हवाय घातक माणसाचा बॉयलर?"

अर्जवाल्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. जिभेवर तीन उत्तरे तयार होती, तिन्ही झणझणीत. वर दोन वाजल्यापासून म्हातारा केस विंचरून बसला होता. त्यांनी तिन्ही गिळली आणि सगळी हकिगत सांगितली. मुलगी, पाच वाजता, एक चिप, आठ व्होल्ट.

लाँड्रीवाला हसला नाही. उलट जास्तच भडकला. "अहो, माझा बॉयलर लावून तुमचं व्होल्टेज आता उतरणार कसं? तुमच्याच अर्जाने लाइन वेगळी केली ना त्यांनी? नवी जाड वायर तुम्हाला दिली. आणि ती जुनी, सुतळीसारखी, माझ्या एकट्याच्या गळ्यात मारली! गुरुवारपासून बघतोय, काही बदललं नाही माझं. बॉयलर लावला की दिवे मंद, पंखा मंद..."

तो बोलत राहिला. अर्जवाल्यांनी एकदाही मध्ये तोंड घातले नाही. त्यांनाही ते विचित्रच वाटत होते, पण वाक्य संपेपर्यंत ते थांबले.

"...आणि मीटर दाखवतो एकशे ऐंशी!"

"किती?"

"एकशे ऐंशी!"

अर्जवाल्यांनी त्याचे दोन्ही खांदे धरले. लाँड्रीवाल्याला वाटले, हा मारतोय. "इथे आणतो!" अर्जवाले म्हणाले. "सगळं इथे आणतो. बाबांनाही आणतो. तुम्ही फक्त बॉयलर लावा."

लाँड्रीवाल्याने खांदे सोडवून घेतले. "ते 'घातक' मागे घ्या."

"घेतलं."

"तोंडी नाही. खोडा."

अर्जवाल्यांनी खिशातले पेन काढले आणि स्वतःचा अर्ज स्वतःच्या हाताने खोडला. दात-ओठ खात खोडला, पण खोडला.

"आता ऐका. वाफ वापरली नाही तर बॉयलर तापून आपोआप बंद पडतो. बंद पडला की व्होल्टेज चढणार. म्हणजे दहा मिनिटं इस्त्रीच्या प्रेसचं पेडल दाबून वाफ सोडत राहावं लागेल. आणि मी सहा दिवस उभा असतो, आज माझी सुट्टी आहे. दाबायचं तुम्ही."

पावणेपाच वाजता बिल्डिंगने खिडक्यांतून जे पाहिले ते कोणाला खरे वाटले नाही. पुढे स्पीकर घेऊन अर्जवाल्यांची बायको, मागे मांडीवर रेडिओ आणि ॲम्प्लिफायर घेऊन खुर्चीत बसलेले वडील, आणि ती खुर्ची एका बाजूने अर्जवाल्यांनी आणि दुसऱ्या बाजूने लाँड्रीवाल्याने धरलेली. "डावीकडे घ्या!" "डावीकडेच घेतोय, डोळे आहेत मला!" असे करत वरात लाँड्रीत शिरली.

लाँड्रीवाल्याने बॉयलर लावला आणि पाचला पाच मिनिटे कमी असताना तिसरी चिप बसली. बायको मीटर घेऊन स्टुलावर बसली. लाँड्रीवाला वडिलांच्या शेजारी बाकावर टेकला. अर्जवाले मागच्या बाजूला प्रेसपाशी उभे राहिले आणि घरून आणलेल्या चादरींवर वाफ सोडू लागले. पाचचे ठोके पडले आणि बातम्या सुरू झाल्या.

"पंचवीस," बायको म्हणाली. "पंचवीस. सव्वीस. सत्तावीस! अहो, दाबा!"

अर्जवाले दाबत होते. फुस्स, फुस्स. चष्म्यावर धुके आले. मुलीच्या आवाजाचा एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

"काय म्हणतेय ती?" ते ओरडले.

"गप्प बसा आणि दाबा!"

चादरी संपल्या. त्यांनी पडदे घेतले. पडदे संपले, तेव्हा अंगातला शर्ट काढून प्रेसवर घातला आणि बनियनवर दाबत राहिले. घामाने भिजले, जगावर चिडले, पण पाय पेडलवरून उचलला नाही. वाफेच्या फटीतून वडील तेवढे दिसत होते. त्यांनी डोळे मिटले होते आणि बोटाने खुर्चीच्या हातावर एकेक वाक्य मोजत होते, नात लहान असताना पेपर वाचायची तेव्हा मोजायचे तसे.

बातम्या संपल्या. बायकोने पटकन बटण बंद केले. चिप शाबूत होती.

"श्वास नीट घेते," वडील म्हणाले. "मीच शिकवलंय."

"पोरगी फार छान वाचते हो, आजोबा!" लाँड्रीवाला म्हणाला.

"वाचणारच!" वडिलांनी त्याच्याकडे वळून पाहिले. आणि मग अर्जवाल्यांच्या लक्षात आले की म्हाताऱ्याने 'काय?' असे विचारलेच नव्हते. ज्या आवाजावर नववा अर्ज लिहिला, तो आवाज त्यांना कुठल्याही यंत्राशिवाय ऐकू येत होता. मग दोघे बोलतच बसले. धुण्याचा साबण, गुडघेदुखी, जुन्या काळची सुती कापडे. वडील चार वर्षांत एवढे बोलले नव्हते. मुलीचा फोन आला तेव्हा त्यांनी तो बायकोच्या हातातून घेतला आणि एवढेच सांगितले, "सगळं ऐकलं. तिसऱ्या बातमीत घाई केलीस. आणि बाप तुझा कपडे दाबत होता."

"मला एक अक्षर ऐकू आलं नाही!" अर्जवाले शर्ट चढवत ओरडले. कोणी लक्ष दिले नाही.

निघताना वडील म्हणाले, "पुढच्या रविवारी इथेच." आणि लाँड्रीवाला अर्जवाल्यांना म्हणाला, "माझीही वायर बदलायचा एक अर्ज लिहून द्या. तुमच्या अर्जाने कामं होतात, हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही."

बुधवारी अर्जवाले अर्ज घेऊन खाली गेले. लाँड्रीवाल्याने तो उभ्या उभ्या वाचला. मग बसून वाचला.

"'आपणास सवड होईल तेव्हा'?" त्याने विचारले. "'घाई मुळीच नाही'? 'तसदीबद्दल क्षमस्व'? अहो, एवढ्या गोड अर्जाने ते जिन्यातला बल्बसुद्धा बदलणार नाहीत. तुमचा राग कुठे गेला?"

अर्जवाले टेबलावरचा सुरकुत्या पडलेला उशीचा अभ्रा हाताने सरळ करू लागले.

"तुमचा तो ट्रान्सफॉर्मर येणार होता ना मंगळवारी?"

"आला."

"मग?"

"कपाटावर ठेवलाय. डबा फोडला नाही."

"बाबांना सांगितलंत?"

"नाही! आणि तुम्हीही सांगायचं नाही! सांगितलंत तर याद राखा!"

लाँड्रीवाल्याने अर्जाची घडी केली आणि ती फळीवरच्या अकरा अर्जांखाली नीट सरकवून दिली. चार वर्षे सुतळीसारख्या वायरवर काढली होती, आणखी काही दिवस काढता आले असते.

"रविवारी पावणेपाचला बॉयलर लावून ठेवतो," तो म्हणाला. "पण पेडल दाबायला—"

"म्हणजे पुन्हा मीच?" अर्जवाल्यांचा स्फोट झाला. "माझ्या पोटच्या पोरीच्या बातम्या, अख्खं जग ऐकणार, तुम्ही बाकावर बसून ऐकणार, आणि मी मागे बनियनवर—"

"अहो, वाक्य तर पुरं करू द्या!" लाँड्रीवाला नेहमीच्या आवाजात ओरडला. "पेडल दाबायला मी आहे, असं म्हणत होतो."